मानेंतील धमनीची साक्ष

हृदयविकारानें कोणाला अकस्मात् मृत्यु आला म्हणजे घरची मंडळी आणि शेजारीपाजारी बहुधा एकच वाक्य बोलतात: "काल रात्रीपर्यंत अगदीं ठणठणीत होते हो!" दुःखाच्या भरांत निघालेलें हें वाक्य शास्त्रदृष्ट्या मात्र खरें नसतें. ज्या रोगानें त्या गृहस्थांचा घात केला तो त्यांच्या शरीरांत वीस-पंचवीस वर्षें, कदाचित् त्याहूनहि अधिक काळ, मुक्काम ठोकून होता. तो बोलत नव्हता, इतकेंच. या अबोल रोगाला वेळींच बोलतें करण्याचे जे मार्ग गेल्या पाऊणशें वर्षांत वैद्यकानें शोधून काढले, त्यांपैकीं एक आंकडेमोडीचा आहे व दुसरा ध्वनीचा. या दोहोंविषयीं, आणि विशेषतः त्यांच्या मर्यादांविषयीं, आज मी आपल्याशीं बोलणार आहें.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. हृदयांतून शुद्ध रक्त सर्व शरीरभर नेणाऱ्या ज्या नळ्या, त्यांस धमन्या किंवा रोहिणी म्हणतात. त्यांच्या भिंतींत मेद सांचून जो विकार होतो त्याला १९०४ सालीं फेलिक्स मार्शां या जर्मन शास्त्रज्ञानें 'अथेरोस्क्लेरोसिस' असें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लापशी. आणि 'स्क्लेरोसिस' म्हणजे टणक होणें. मृताची धमनी चिरून पाहिली असतां भिंतींत पिवळसर, लापशीसारखा मऊ गाभा आणि त्यावर टणक कवच असें दृश्य दिसतें. तेव्हां हें नांव म्हणजे त्याचें हुबेहूब वर्णनच आहे.

हा रोग समजावून सांगतांना पाण्याच्या नळाला आंतून किटण धरतें, त्याचा दाखला देण्याची पद्धत आहे. दाखला सोपा, पण फसवा. किटण धरतें तें नळाच्या पोकळींत. मेद सांचतो तो धमनीच्या भिंतींत, अस्तराच्या खालीं. शिवाय नळ निर्जीव आणि धमनी जिवंत. भिंतींत मेदाचा थर वाढूं लागला कीं धमनी बाहेरच्या बाजूस फुगते आणि रक्ताची वाट पुष्कळ काळ मोकळी ठेवते. सीमूर ग्लागॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं मृतांच्या हृदयधमन्या मोजून असें दाखविलें कीं, धमनीच्या आंतील सुमारें ४० टक्के जागा थरानें व्यापीपर्यंत रक्ताच्या वाटेला म्हणण्यासारखी अडचण होत नाहीं. म्हणून जिना चढतांना दम लागत नाहीं, छातींत कळ येत नाहीं, धांवत्या पट्ट्यावरची तपासणीहि निर्दोष येते. आणि एके दिवशीं थरावरचें पातळ कवच फाटतें, त्या जागीं रक्ताची गुठळी धरते व तासाभरांत होत्याचें नव्हतें होतें.

हा रोग म्हातारपणाचा, ही समजूतहि खरी नाहीं. कोरियाच्या युद्धांत मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांचें सरासरी वय होतें २२ वर्षें. धडधाकट म्हणून निवडलेल्या या तरुणांपैकीं ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा नुसत्या डोळ्यांनीं दिसल्या.

आतां आंकडेमोडीकडे वळूं. तिचा उगम एका थोर पुरुषाच्या मृत्यूजवळ आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें वारले. त्या दिवशीं त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका मोजला गेला होता. त्याच्या आदल्या वर्षीं तो १८६ वर १०८ होता, आणि तरीहि अध्यक्षांची प्रकृति उत्तम असल्याचें जगाला सांगितलें जात होतें. यांत लपवाछपवी होतीच. पण अज्ञानहि होतें. वयाबरोबर रक्तदाब वाढणें हें शरीराला आवश्यकच आहे, असें मानणारे नामांकित डॉक्टर त्या काळीं पुष्कळ होते. रूझवेल्ट यांच्यामागून आलेले अध्यक्ष ट्रुमन यांनीं जून १९४८ मध्यें राष्ट्रीय हृदय-कायद्यावर सही केली, आणि त्याच वर्षीं बोस्टन शहराच्या पश्चिमेस असलेल्या फ्रेमिंगहॅम या लहानशा गांवीं एक अपूर्व उपक्रम सुरू झाला. (याच गांवानें त्यापूर्वीं तीस वर्षें क्षयरोगाच्या एका मोठ्या प्रयोगाला साह्य केलें होतें, कांहीं गांवांच्या नशिबीं असें पुण्य वारंवार येतें.) तेथील ५,२०९ स्त्रीपुरुषांनीं दर दोन वर्षांनीं आपली कसून तपासणी करून घेण्याचें मान्य केलें. औषध द्यावयाचें नव्हतें, कांहीं विकावयाचें नव्हतें. फक्त लिहून ठेवावयाचें आणि वाट पाहावयाची. कोणाला झटका येतो, कोणाला येत नाहीं, आणि दोघांच्या पूर्वीच्या नोंदींत फरक काय!

तेरा वर्षांनीं, १९६१ सालीं, विल्यम कॅनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पहिला महत्त्वाचा निष्कर्ष छापला, आणि ज्याला आज आपण 'रिस्क फॅक्टर' म्हणतों तो शब्दप्रयोग तेव्हांपासून रूढ झाला. वाढलेला रक्तदाब, रक्तांतील कोलेस्टेरॉल, आणि पुढें सिगारेट व मधुमेह, हे सर्व सुटे सुटे घातक असतातच. पण एकत्र आले म्हणजे त्यांचें बळ कित्येक पटींनीं वाढतें, हें या नोंदवह्यांनीं सिद्ध केलें. त्यांवरून तयार झालेलें जें कोष्टक १९९८ सालीं प्रसिद्ध झालें, तें सर्व जगभर पसरलें. वय, कोलेस्टेरॉलचे दोन आंकडे, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान: प्रत्येकाला गुण द्यावयाचे, बेरीज करावयाची, आणि येत्या दहा वर्षांत झटका येण्याचा संभव शेंकडा किती तें वाचावयाचें. अमेरिकेनें २०१३ व पुन्हां २०२३ सालीं, ब्रिटननें २००७ पासून, युरोपनें २०२१ सालीं आपापलीं नवीं सूत्रें केलीं; तत्त्व तेंच राहिलें.

या अंकाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतहि तो उलटासुलटा लावला जातो. डॉक्टरांनीं एखाद्यास "तुमची जोखीम ७ टक्के" असें सांगितलें, तर त्याचें हृदय सात टक्के बिघडलें आहे असा त्याचा अर्थ नव्हे. त्याच्यासारखींच वयें, तसेच रक्तदाब आणि तशाच संवयी असलेलीं शंभर माणसें एका सभागृहांत बसविलीं, तर दहा वर्षांत त्यांपैकीं सात जणांना झटका येईल. कोणत्या सात जणांना, हें अंक सांगत नाहीं. विमा कंपनीचें कोष्टक असेंच असतें. कंपनीचा व्यवहार त्यावर उत्तम चालतो, कारण तिला खुर्च्यांचा हिशेब पुरतो. आपल्याला मात्र आपल्या एकाच खुर्चीची काळजी असते.

दुसरी अडचण वयाची. या सर्व सूत्रांत वयाला इतकें वजन आहे कीं, अडतीस वर्षांचा मनुष्य रोज डबीभर सिगारेटी ओढीत असला आणि त्याचें कोलेस्टेरॉल भडकलेलें असलें, तरी पुष्कळदां त्याचा दहा वर्षांचा अंक 'कमी' या रकान्यांतच पडतो. उलट सत्तरीच्या निर्व्यसनी गृहस्थांचा अंक केवळ वयामुळें चढतो. सूत्र खोटें बोलत नाहीं. त्याला प्रश्नच दहा वर्षांपुरता विचारलेला असतो. पण त्या तरुणाला आपण निर्धास्त असल्याचा कागद मिळतो आणि तो घरीं जाऊन सिगारेट पेटवितो, हें मला या पद्धतीचें सर्वांत मोठें न्यून वाटतें.

तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीनें महत्त्वाची. फ्रेमिंगहॅमचे मूळ लोक बहुतेक सर्व गोरे होते. त्यांचें कोष्टक आपल्याला लावणें म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणें आहे. ५२ देशांत केलेल्या एका मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं, हृदयाचा पहिला झटका दक्षिण आशियांतील लोकांस सुमारें ५३ व्या वर्षीं येतो, तर इतर देशांत ५९ व्या वर्षाच्या सुमारास. याचीं कारणें अनेक आहेत. त्यांतील एकाचें मोठें मार्मिक चित्र पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या स्नेह्यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत स्वतःचाच दाखला देऊन जगापुढें ठेविलें. उंचीच्या मानानें वजन काढण्याच्या हिशेबांत दोघेहि सारखे, २२.३. पण अंगांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसावयास सडपातळ आणि आंतून स्थूल, अशी आपल्यांतील पुष्कळांची ठेवण आहे, व कोष्टकाला ती दिसत नाहीं. ब्रिटनमध्यें २००८ सालीं दक्षिण आशियाई पुरुषांचा अंक १.४ नें गुणावा अशी सूचना निघाली, आणि पुढें तेथील नव्या सूत्रांत भारतीय, पाकिस्तानी व बांगलादेशी असे निराळे रकानेच घालण्यांत आले.

आणखी एक रकाना घराण्याचा. १९९८ च्या फ्रेमिंगहॅम कोष्टकांत तो नाहीं, अमेरिकेच्या २०१३ च्या सूत्रांतहि नाहीं. ब्रिटनच्या सूत्रांत आहे. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आंत, आईला किंवा बहिणीला पांसष्टच्या आंत हृदयविकार झालेला असणें ही मोठी सूचना समजली जाते. आपल्या घरांत वडिलांच्या श्राद्धाची तिथि सर्वांस पाठ असते. परंतु ते कितव्या वर्षीं व नेमके कशानें गेले, हें विचारलें म्हणजे चारी भावंडें चार उत्तरें देतात.

अंक जेथें थांबतो तेथून ध्वनि पुढें जातो. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. मानेच्या तपासणीसाठीं सत्तर लाखांपासून एक कोटीपर्यंत व त्याहूनहि अधिक कंपनांचा ध्वनि वापरतात. शरीरांतून तो सेकंदाला सुमारें १,५४० मीटर वेगानें जातो. दोन सेंटिमीटर खोलीवरच्या भिंतीवर आपटून परत येण्यास त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांचे सव्वीस भाग लागतात. प्रतिध्वनीला लागलेल्या अशा वेळांवरून यंत्र पडद्यावर चित्र रेखाटतें. ही युक्ति प्रथम वैद्यांची नव्हती. पोलादांतील भेगा हुडकण्याचें यंत्र मालमो येथील जहाजांच्या कारखान्यांत होतें. तेथें जाऊन हेलमुट हर्ट्झ या पदार्थविज्ञानवेत्त्यानें तें पाहिलें, उसनें आणलें, आणि ऑक्टोबर १९५३ मध्यें लुंड येथील डॉक्टर इंगे एडलर यांच्यासह त्यानें चालत्या हृदयाचे प्रतिध्वनि टिपले. कंपनें ज्या 'हर्ट्झ' मापानें मोजतात तें नांव याच्याच घराण्यांतील एका पूर्वजाचें.

सोनोग्राफी म्हटली म्हणजे आपल्याकडे गर्भवतीच डोळ्यांपुढें येते. या यंत्राचा जो अघोरी दुरुपयोग झाला त्यामुळें महाराष्ट्रास १९८८ सालीं व पुढें भारत सरकारास १९९४ सालीं कायदा करावा लागला. यंत्राची नोंदणी आज सक्तीची आहे ती त्यामुळेंच. पण तोच ध्वनि मानेवर धरला तर निराळी कथा सांगतो.

मानच कां? हृदयधमन्या बारीक, फांसळ्यांच्या आड, आणि प्रत्येक ठोक्यासरशीं हालणाऱ्या. बाहेरून ध्वनीनें त्यांची भिंत स्वच्छ दिसत नाहीं. मानेच्या दोन्ही बाजूंस मेंदूकडे जाणारी जी कॅरोटिड धमनी, ती मात्र कातडीखालीं दोन-तीन सेंटिमीटरांवर, जाड आणि सरळ आहे. रोग एकाच ठिकाणचा नसून सर्व धमन्यांचा असल्यामुळें शितावरून भाताची परीक्षा करतां येते. मिलान शहरीं पाओलो पिन्योली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८६ सालीं असें दाखविलें कीं, पडद्यावर धमनीच्या भिंतींत ज्या दोन उजळ समांतर रेषा दिसतात त्यांमधील अंतर, आणि प्रत्यक्ष कापून मोजलेली आंतल्या दोन थरांची जाडी, हीं जुळतात. निरोगी मनुष्यांत ही जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते व वयाबरोबर वाढत जाते. एखाद्या ठिकाणीं भिंत दीड मिलिमीटरहून जाड झाली, किंवा शेजारच्या भागापेक्षां अर्धा मिलिमीटर आंत डोकावूं लागली, तर तिला नुसती जाडी न म्हणतां मेदाचा थर, म्हणजे 'प्लाक', म्हणतात.

हा शोध लागतांच मोठा उत्साह पसरला. अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळानें २०१० सालीं मधल्या जोखमीच्या लोकांसाठीं ही मोजणी योग्य ठरविली. पुढें शिते अधिक बारकाईनें चाचपण्यांत आलीं. २०१२ सालीं १४ पाहण्यांतील ४५,८२८ लोकांचे आंकडे एकत्र करून पाहतां असें दिसलें कीं, जुन्या अंकांत जाडीची भर घातल्यानें लोकांच्या वर्गवारींत पडणारी निव्वळ सुधारणा अवघी ०.८ टक्के होती. २०१३ सालीं त्याच अमेरिकन तज्ज्ञांनीं सरसकट जाडी मोजण्याची शिफारस मागें घेतली. मला हा निर्णय योग्य वाटतो. जेथें मिलिमीटरच्या दहाव्या भागावर निवाडा व्हावयाचा तेथें यंत्र धरणाऱ्याचा हात किंचित् कलला तरी मनुष्य एका रकान्यांतून दुसऱ्यांत जातो.

परंतु थर दिसणें ही गोष्ट निराळी. ती जाडीसारखी तर्काची नव्हे. तो रोगच आहे. माद्रिद येथील एका बँकेच्या ४० ते ५४ वर्षांच्या ४,१८४ कर्मचाऱ्यांची पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. यांपैकीं कोणालाहि हृदयविकाराची बाधा ठाऊक नव्हती. तरी ६३ टक्क्यांच्या शरीरांत कोठें ना कोठें रोग सांपडला. मांड्यांकडे जाणाऱ्या धमन्यांत ४४ टक्के, मानेंत ३१ टक्के, पोटांतील महाधमनींत २५ टक्के, आणि हृदयधमन्यांत चुन्याच्या रूपानें १८ टक्के लोकांत. म्हणजे केवळ मान पाहून थांबणाऱ्यास अर्धेच दिसतें. आणि ज्यांचा दहा वर्षांचा अंक 'कमी' होता, त्यांतील ५८ टक्के लोकांतहि रोगानें घर केलेलें होतें. युरोपच्या तज्ज्ञांनीं २०१९ पासून असें मत दिलें आहे कीं, कमी वा मध्यम जोखमीच्या मनुष्यांत मानेंतील किंवा मांडींतील थर दिसल्यास त्याची जोखीम वरची धरण्याचा विचार करावा.

तर मग सर्वांनींच उठून सोनोग्राफी कां करूं नये? येथें दोन गोष्टींची गल्लत होते. थर शोधणें वेगळें आणि मानेची धमनी किती अरुंद झाली तें शोधणें वेगळें. लक्षणें नसलेल्या सर्वसाधारण प्रौढांत अरुंदपणा हुडकीत बसूं नये, असें अमेरिकेच्या सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञसमितीनें २०२१ सालीं पुन्हां स्पष्ट सांगितलें. कारण खरोखर अरुंद धमनी थोड्यांतच सांपडते. खोटी हांक पुष्कळदां उठते. मग पुढच्या तपासण्या, मग शस्त्रक्रिया, आणि जो पक्षाघात टाळावयाचा तोच त्या शस्त्रक्रियेनें ओढवण्याचा संभव. सवलतीच्या दरांत 'सर्वांगाची तपासणी' करून देण्याच्या जाहिराती आपण पाहतों, त्यांत ही बाजू छापलेली नसते. सरसकट तपासणीनें मृत्यु टळतात काय, हेंहि डेन्मार्कमध्यें पाहण्यांत आलें. ६५ ते ७४ वर्षांच्या ४६,६११ पुरुषांतून कांहींना क्ष-किरणांच्या व इतर तपासण्यांसाठीं बोलाविलें. पांच वर्षांहून अधिक काळानंतर, २०२२ सालीं, बोलाविलेल्यांत १२.६ टक्के व इतरांत १३.१ टक्के मृत्यु झाल्याचें जाहीर झालें. हा फरक निव्वळ योगायोगाचा नव्हे, असें म्हणतां येईना.

मग या चित्राचा उपयोग तरी काय? याचें मला पटलेलें उत्तर उत्तर स्वीडनमधील व्हेस्टरबॉटन प्रांतांतून आलें. तेथें ४०, ५० आणि ६० वर्षांच्या ३,५३२ लोकांची मान तपासून त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग केले. एका भागांतील लोकांना व त्यांच्या डॉक्टरांना धमनीचें सोपें चित्र पाठविलें. थर असल्यास त्यावर तांबडी खूण, आणि धमनीचें 'वय' किती तें रंगीत पट्टीवर. दोन ते चार आठवड्यांनीं परिचारिकेनें दूरध्वनीवरून बोलून तें समजावून दिलें. दुसऱ्या भागाला कांहींच कळविलें नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा कीं, वर्षानंतर चित्र पाहिलेल्यांची जोखीम दुसऱ्यांच्या मानानें कमी झाली होती. फरक लहान होता, आणि मोजली ती जोखीम, प्रत्यक्ष झटके नव्हेत, हें विसरूं नये. पण नवें औषध त्यांत एकहि नव्हतें! "तुमची जोखीम चार टक्के" हें वाक्य मनुष्याला शिवत नाहीं. "हा पाहा तुमच्या मानेंतला थर" हें वाक्य शिवतें. गोळी आधींच लिहून दिलेली असते. ती रोज घेतली जाते कीं नाहीं, एवढाच पुष्कळदां प्रश्न असतो.

म्हणून माझें मत असें कीं, क्रम अंकापासून धरावा. चाळिशी आली कीं रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल मोजून, घराण्याची खरी हकीकत डॉक्टरांना सांगून अंक काढवून घ्यावा. तो अगदीं वरचा असला तर चित्राची गरजच नाहीं. उपचार सुरू करावे. अंक मधला असून औषध घ्यावें कीं न घ्यावें असा पेंच पडला, किंवा अंक खालचा असून वडील पंचावन्नच्या आंत गेले आहेत, अशा वेळीं सोनोग्राफीचें किंवा हृदयधमनींतील चुना मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीचें चित्र निवाड्याला उपयोगी पडतें. ध्वनीच्या तपासणींत किरणांचा उपसर्ग नाहीं, सुई नाहीं, वेळहि फार जात नाहीं. अहवाल हातीं आला म्हणजे जाडीच्या आंकड्याकडे न पाहतां तीन गोष्टी विचाराव्या: थर आहे काय, मानेखेरीज मांडींतील धमनी पाहिली काय, आणि रक्ताच्या वाटेला अडथळा आहे काय. थर निघाला तर तो पुसून टाकण्याची घाई नसते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल व तंबाखू यांचा बंदोबस्त करून तो शांत ठेवावयाचा असतो. आणि दरसाल जाडी पुन्हां मोजून घेण्यांत पैसे घालवूं नयेत. एका वर्षांत ती मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागानें वाढते, व मोजणाऱ्याच्या हातची चूक त्याहून मोठी असते.